चार गाऱ्हाणी, एक चाल

१९५२ च्या उन्हाळ्यात टेक्सास किंवा टेनेसीतल्या एखाद्या गुत्त्यात शिरून तिथल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं, की बहुधा हँक थॉम्पसनचं ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ ऐकू यायचं. जिच्यावर जीव लावला ती घरसंसाराकडे पाठ फिरवून गुत्त्यांच्या झगमगाटात निघून गेली आहे आणि मागे राहिलेला पुरुष तिला बोल लावतो आहे, असं ते गाणं. त्याच यंत्रात दुसरं नाणं टाकलं की किटी वेल्स नावाच्या बाईचा आवाज यायचा. तिच्या गाण्याचं नाव ‘इट वॉजन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स’. गुत्त्यातल्या ज्या बायकांना तुम्ही नावं ठेवता, त्यांना देवानं तसं घडवलेलं नाही, तुम्ही घडवलंत, असा तिचा उलटा सवाल. आणि चाल तीच, थॉम्पसनचीच.

किटी वेल्सची ही तबकडी ऑगस्टमध्ये ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि सहा आठवडे तिथं राहिली. एकट्या गायिकेनं हा क्रमांक गाठण्याची ती पहिलीच वेळ. कंट्री संगीताच्या इतिहासात या गाण्याला मोठी जागा मिळते ती त्यामुळे. पण ते गाणं एवढं का लागलं, याचं अर्धंच उत्तर त्याच्या शब्दांत आहे. उरलेलं अर्धं त्या चालीत आहे. किटी वेल्सच्या तोंडी येण्याआधी ती चाल दक्षिणेतल्या घराघरांत पोचलेली होती, आणि तिच्यावर आधी कोण काय बोलून गेलं आहे हे ऐकणाऱ्यांच्या कानात होतं. त्या चालीचं हे कूळ.

आधी तिची ठेवण पाहू. चार ओळींची ही चाल, सगळी मिळून तीन कॉर्डवर उभी. पहिली ओळ ‘सा’च्या कॉर्डवरून निघते आणि ‘म’वर जाऊन थांबते, तिथं काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतं. दुसरी ओळ ‘प’ घेते आणि ‘सा’वर परत येते. तिसरी पुन्हा पहिलीच्या वाटेनं, चौथी दुसरीच्या. धृपद असलं तर त्यालाही हीच चाल. घर सोडायचं आणि परत यायचं, असं दोनदा. एवढ्या साध्या बांधणीत कुणालाही आपले शब्द बसवता येतात, आणि एकदा ऐकलेली ही चाल विसरायला होत नाही. आपल्याकडे संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल – अमुक पदाची’ असं लिहिलेलं असायचं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. ॲपालेशियन डोंगरांतल्या गाणाऱ्यांचा व्यवहारही तसाच होता. चाल सगळ्यांची, शब्द ज्याचे त्याचे.

तबकडीवर ही चाल १९२५ मध्ये उमटलेली सापडते. केंटकीचा वेल्बी टूमी आणि त्याचा साथीदार एडगर बोआझ यांनी जेनेट कंपनीसाठी ‘थ्रिल्स दॅट आय कान्ट फरगेट’ हे गाणं मुद्रित केलं. त्याआधी ती किती वर्षं तोंडोतोंडी फिरत होती हे ठरवण्याला फारसा अर्थ नाही. तिला नाव मिळालं ते चार वर्षांनी, व्हर्जिनियातल्या एका कुटुंबामुळे.

ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा, आणि सेराची मावसबहीण मेबेल – जी ए. पी.च्या भावाची बायकोही होती – असे तिघे मेसेस स्प्रिंग्ज या खेड्यात राहायचे. खोऱ्याचं नाव पुअर व्हॅली, आणि ते नाव खरं होतं. १९२७ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीअर ब्रिस्टल गावात तात्पुरता स्टुडिओ थाटून स्थानिक गायकांची चाचणी घेत होता. तिथं हे तिघं मोटार हाकत पोचले. मेबेल अठरा वर्षांची आणि गरोदर. दोन दिवसांत त्यांनी सहा गाणी गायली. कंट्री संगीताच्या धंद्याचा पाया ज्या पंधरवड्यात घातला गेला असं मानतात, तो हाच. गायक जिमी रॉजर्सही त्याच पंधरवड्यात तिथंच पहिल्यांदा तबकडीसाठी गायला.

पीअरला नवी गाणी हवी असायची, म्हणजे ज्यांवर हक्क नोंदवता येईल अशी. ए. पी. मग आठवडे-आठवडे डोंगरांत फिरायचा. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या शेतात, खाणीच्या वस्तीत, जिथं कुणाला एखादं जुनं गाणं येतं असं कळेल तिथं. त्याला शब्द टिपून घेता यायचे, पण चाल डोक्यात टिकायची नाही. त्यासाठी बरोबर असायचा लेस्ली रिडल. टेनेसीतल्या किंग्जपोर्टचा हा काळा गिटारवादक सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गमावून बसला होता, आणि चाल एकदा ऐकली की ती त्याच्या बोटांत असायची. गोऱ्या वस्तीत गोऱ्या माणसाबरोबर दारोदार गाणी गोळा करत हिंडणं त्या काळच्या दक्षिणेत त्याच्यासाठी सोपं नव्हतं. तबकड्यांवर नाव मात्र ए. पी. कार्टरचं लागलं, आणि प्रकाशनाचा हक्क पीअरच्या कंपनीकडे गेला. रिडलचं नाव जगाला कळायला १९६० चं दशक उजाडावं लागलं, लोकसंगीतकार माइक सीगरनं त्याला शोधून काढलं तेव्हा. कार्टर कुटुंबाच्या गाण्यांवर मी जीव टाकतो, पण त्या यादीत रिडलचं नाव नसणं हा अन्याय आहे, आणि तो अजून पुरता दुरुस्त झालेला नाही.

१९२९ च्या फेब्रुवारीत न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये कार्टर कुटुंबानं ‘आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्ल्यू आइज’ मुद्रित केलं. समुद्रापार गेलेल्या निळ्या डोळ्यांच्या माणसाची आठवण काढणारी एक बाई; त्यालाही आपली आठवण येत असेल का, एवढाच तिचा प्रश्न. सेराचा आवाज खोल, जवळपास पुरुषी, त्यात कसलाही कंप नाही. मेबेल गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानं चाल वाजवते आणि त्याच हाताच्या बोटांनी वरच्या तारांवर ताल झाडते. पुढे ‘कार्टर स्क्रॅच’ म्हणून लाखो गिटारवादक जे शिकले ते हेच. सेरा शोक करत नाही, नुसतं सांगते. विरहाचं गाणं म्हणताना ती स्वतः बाजूला उभी राहते. ते गाणं म्हणायची रीत म्हणजे हीच, असं मला ते ऐकताना दर वेळी वाटतं.

आणि मग त्या गाण्याचं आयुष्य सेराच्या आयुष्यात शिरलं. ए. पी. गाण्यांच्या शोधात महिनोन्‌महिने बाहेर. घर, पोरं, शेत, सगळं सेरावर. मदतीला ए. पी.चा मामेभाऊ कॉय बेज येऊ लागला. निळ्या डोळ्यांचा, हसतमुख. दोघांचं प्रेम जडलं, गावात बोभाटा झाला, आणि कॉयचं कुटुंब त्याला घेऊन पश्चिमेला निघून गेलं, शेवटी कॅलिफोर्नियात स्थिरावलं. सेरा नवऱ्यापासून वेगळी राहू लागली. १९३६ मध्ये तिनं घटस्फोटाचा अर्ज केला. गाणं मात्र थांबलं नाही. वेगळे झालेले नवरा-बायको एकाच मायक्रोफोनसमोर उभे राहून प्रेमाची गाणी गात राहिले, कारण पोट त्यावरच होतं.

१९३८ च्या हिवाळ्यात त्यांना टेक्सासच्या सीमेवर, डेल रिओ गावात, रेडिओचं काम मिळालं. स्टेशनाचं नाव एक्सईआरए, मनोरा नदीपलीकडे मेक्सिकोत. अमेरिकन कायद्यानं रेडिओ स्टेशनला ५०,००० वॉटची मर्यादा होती; पलीकडे ती नव्हती, आणि एक्सईआरए ५,००,००० वॉटनं ओरडत असे. मालक डॉ. जॉन ब्रिंकली – पुरुषत्व परत आणून देतो म्हणून माणसांच्या अंगात बोकडाच्या ग्रंथी बसवणारा, आणि त्यापायी कॅन्ससमधला परवाना गमावून बसलेला. असल्या माणसाच्या मनोऱ्यावरून कार्टर कुटुंबाचा आवाज कॅनडापर्यंत जायचा.

कार्टर घराण्यात सांगितली जाणारी हकिकत अशी. १९३९ च्या फेब्रुवारीत एका रात्री सेरानं मायक्रोफोनपाशी सांगितलं की पुढचं गाणं कॅलिफोर्नियातल्या कॉय बेजसाठी आहे, आणि तिनं ‘ब्ल्यू आइज’ म्हटलं. ए. पी. त्याच स्टुडिओत होता. कॉय गेल्याला सहा वर्षं उलटून गेली होती. कॅलिफोर्नियात कॉयनं ते ऐकलं आणि तो टेक्सासला निघाला. २० फेब्रुवारी १९३९ रोजी ब्रॅकेटव्हिलमध्ये दोघांचं लग्न झालं.

ए. पी.नं पुन्हा लग्न केलं नाही. कुटुंबाचं एकत्र गाणं १९४३ पर्यंत चाललं, मग तो मेसेस स्प्रिंग्जला परतला आणि तिथं एक दुकान चालवत राहिला. १९६० मध्ये वारला. सेरा कॅलिफोर्नियात कॉयबरोबर म्हातारी झाली, १९७९ मध्ये गेली, आणि तिला आणून पुरलं ते ए. पी. आहे त्याच दफनभूमीत. प्रेमभंगाच्या कुठल्याही गाण्याहून ही हकिकत मोठी आहे, आणि ती या चालीच्या पोटात आहे. एका बाईनं या चालीतून एका पुरुषाला निरोप धाडला होता आणि तो पोचला होता, हे लक्षात ठेवायचं.

दरम्यान ही चाल देवळात गेली होती. यिर्मयाच्या पुस्तकात, बाराव्या अध्यायात, एका ठिपक्याठिपक्यांच्या पक्ष्याचा उल्लेख आहे, ज्याच्याभोवती बाकीचे पक्षी जमून त्याला टोचतात. गाय स्मिथ या धर्मोपदेशकानं त्यावर कडवी रचली: तो पक्षी म्हणजे खरी मंडळी, आणि जग तिचा छळ करतं. डोंगरांतल्या गरीब पेंटेकोस्टल मंडळ्यांना, ज्यांना शहरी चर्चवाले गावंढळ म्हणून हिणवत, ते आपलंच गाणं वाटलं. हेही गाऱ्हाणंच, पण एकट्याचं नव्हे, साऱ्या मंडळीचं.

टेनेसीच्या नॉक्सव्हिलमध्ये रॉय एकफ नावाचा तरुण फिडल वाजवत होता. बेसबॉल खेळाडू व्हायचं होतं, पण ऊन लागून तब्येत ढासळली, तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या फिडल शिकला. मग औषधविक्याच्या गाडीबरोबर गावोगाव गात फिरला. ‘द ग्रेट स्पेकल्ड बर्ड’ हे स्मिथचं गाणं त्यानं चार्ली स्वेन या गायकाकडून ऐकलं आणि पन्नास सेंट देऊन शब्द लिहून घेतले. हे गाणं हवं म्हणूनच एआरसी कंपनीच्या माणसानं त्याला शिकागोला बोलावलं आणि १९३६ च्या ऑक्टोबरमध्ये ते मुद्रित झालं. १९३८ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या शनिवारच्या रेडिओ कार्यक्रमात एकफ हे गाणं गायला, आणि पत्रांचा एवढा पाऊस पडला की त्याला कायमचं घेतलं गेलं. तोवर ऑप्रीवर वादकांच्या टोळ्यांचा भर असे. एकफपासून गाणारा माणूस पुढे आला.

एकफच्या ‘स्पेकल्ड बर्ड’च्या त्या ध्वनिमुद्रिकेत क्लेल समी डोब्रो वाजवतो. डोब्रो म्हणजे पोटात धातूची तबकडी बसवलेली गिटार, मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी पट्टी सरकवून वाजवायची. ही पद्धत हवाई बेटांवरची. त्याच बेटांवरून टाउ मो या वादकाबरोबर तिनं कोलकाता गाठलं, आणि पुढे मुंबईत व्हॅन शिपलेनं हिंदी चित्रपटगीतांत ती वाजवली. रेडिओ सिलोनवर हवाईयन गिटारवर वाजलेली गाणी ऐकलेल्या मराठी कानांना कंट्री संगीतातला तो सरकता, ओढलेला सूर परका वाटत नाही, त्याचं कारण हे.

आता गुत्त्यांकडे. १९३० मध्ये पूर्व टेक्सासात तेलाचं मोठं घबाड सापडलं आणि हजारो मजूर तिकडे लोटले. १९३३ मध्ये दारूबंदी उठली. गावाच्या हद्दीबाहेर, हमरस्त्याच्या कडेला, लाकडी फळ्यांचे नाचगाण्याचे अड्डे उभे राहिले. त्यांना हाँकी-टाँक म्हणत. बाटल्यांच्या खणखणाटात आणि पावलांच्या धपधपाटात मेबेलची गिटार कुणाला ऐकू जाणार? मग विजेची स्टील गिटार आली, ताल ठळक झाला. आणि विषयही बदलला. आई, घर, देऊळ, डोंगर मागे पडले. दारू, परस्त्री, परपुरुष, मोडलेला संसार गाण्यात आले. खेड्यातून शहरात आणि तेलाच्या वस्तीत आलेल्या माणसांचं जगणंच तसं झालं होतं. युद्धानं त्यात भर घातली: पुरुष सैन्यात, बायका कारखान्यात, हाती स्वतःचा पगार. युद्ध संपलं तेव्हा बायकांना घरी जायला सांगितलं गेलं, आणि १९४६ मध्ये अमेरिकेतल्या घटस्फोटांनी उच्चांक गाठला. गुत्त्यातली बाई ही गाण्यात खलनायिका झाली ती या धामधुमीत.

‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’ लिहिलं आर्ली कार्टर आणि विल्यम वॉरन यांनी. या कार्टरचा त्या कुटुंबाशी संबंध नाही. १९५१ मध्ये टेक्सासच्या जिमी हीपच्या वाद्यवृंदानं ते आधी मुद्रित केलं, आणि डिसेंबरमध्ये हँक थॉम्पसननं हॉलिवूडमध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी. तबकडीची मुख्य बाजू होती ‘क्राइंग इन द डीप ब्ल्यू सी’. हे गाणं मागच्या बाजूला टाकलेलं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि पंधरा आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिलं. थॉम्पसनचा आवाज भारदस्त, वाद्यमेळ गुळगुळीत. गाण्यातला माणूस म्हणतो की तू माझी पत्रं वाचत नाहीस, फोनही नको म्हणतेस, म्हणून हे गाण्यात घालतोय. म्हणजे पुन्हा निरोपच. सेरानं ज्या चालीतून साद घातली होती, तिच्यातून हा पुरुष फैसला सुनावत होता: तुझ्यासारखी बाई बायको व्हायला जन्मलेलीच नाही.

लुइझियानातल्या क्राउली गावी जे. डी. मिलर छोटी रेकॉर्ड कंपनी चालवत असे, मुख्यतः केजन फ्रेंच गाण्यांची. थॉम्पसनचं गाणं ऐकून त्यानं जबाब लिहिला. गाजलेल्या गाण्याला जबाब काढणं हा तेव्हा रेकॉर्डच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार होता. बहुतेक जबाब चार दिवसांत विसरले जात. मिलरनं ते आधी आपल्याच कंपनीसाठी एका स्थानिक गायिकेकडून म्हणवून घेतलं. ते गाणं डेक्का कंपनीच्या पॉल कोहेनपर्यंत पोचलं, आणि त्यानं किटी वेल्सला बोलावलं.

तिचं खरं नाव म्युरिएल डीसन. जन्म १९१९, नॅशव्हिलचाच. कंट्रीच्या त्या राजधानीत तिथलीच जन्मलेली गायिका विरळा. शाळा सोडून शर्टांच्या कारखान्यात इस्त्री करत असे. १९३७ मध्ये गायक जॉनी राइटशी लग्न. ‘किटी वेल्स’ हे नाव नवऱ्यानं एका जुन्या लोकगीतातून उचललं. तीन मुलं, धार्मिक वळण, अंगात साधा चौकड्यांचा फ्रॉक. आरसीएसाठी तिनं काही तबकड्या काढल्या होत्या, त्या खपल्या नाहीत. बाईच्या नावावर तिकिटं खपत नाहीत, हे धंद्यात सगळे धरून चालत. राइटनं पुढे सांगितलं की खुद्द रॉय एकफनं त्याला बजावलं होतं, बाईला कार्यक्रमाची मुख्य गायिका करू नकोस, चालणार नाही.

३ मे १९५२ रोजी नॅशव्हिलमधल्या ट्युलेन हॉटेलातल्या कॅसल स्टुडिओत तिनं ते गाणं म्हटलं. ओवेन ब्रॅडलीच्या देखरेखीखाली, स्टीलवर शॉट जॅक्सन. तिला गाण्यात विशेष काही दिसलं नव्हतं. युनियनच्या दरानं मिळणारे १२५ डॉलर घरात उपयोगी पडतील म्हणून ती गेली. गाण्यातली बाई ज्यूकबॉक्सपाशी बसली आहे आणि त्यावर थॉम्पसनचं ते गाणंच वाजतं आहे. ते ऐकून तिला स्वतःचे विश्वासाचे दिवस आठवतात. मग ती सांगते की लग्न झालेले पुरुष अजून सडेफटिंग असल्यासारखे वागतात, आणि कित्येक भल्या मुली त्यांच्यापायी बिघडल्या. बस एवढंच. ना आरडाओरड, ना शिवी.

यात एक गोष्ट मोकळेपणी मान्य करायला हवी: बाईचा हा जबाब पुरुषानं लिहिला आहे. पण गाणं कागदावर संपत नाही. किटी वेल्स ते जशी म्हणते – सपाट, अनुनासिक, किंचित थरथरतं, पण एकाही शब्दावर न रेंगाळता – त्यात ती बाई खरी होते. एखादी नखरेल गायिका हे गाती, तर ऐकणाऱ्यांनी ती गुत्त्यातलीच असं म्हणून सोडून दिलं असतं. इथं मात्र चर्चला जाणारी, तीन लेकरांची आई बोलत होती, आणि ती पुरुषांकडे बोट दाखवत होती. त्यातून ही चाल! ज्यांनी लहानपणी देवळात ठिपक्यांच्या पक्ष्याचं गाणं म्हटलं होतं, छळ सोसणाऱ्यांच्या बाजूला देव असतो हे ज्यांच्या कानांनी त्याच सुरांत ऐकलं होतं, त्यांना आता त्याच सुरांत एक बाई सांगत होती की देवाला यात ओढू नका. दुसरी कुठलीही चाल लावली असती तर हा जबाब निव्वळ चतुर ठरला असता. या चालीनं त्याला वजन दिलं.

एनबीसी रेडिओनं ते गाणं अश्लीलतेकडे झुकणारं ठरवून बंद केलं. ऑप्रीवरही काही काळ तिला ते म्हणू दिलं नाही, त्याच ऑप्रीवर, जिथं ही चाल एकफनं रूढ केली होती. थॉम्पसनच्या गाण्याला कुणी अडवलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. तरी तबकडी खपत राहिली. विकत घेणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि डेक्काला ते उमगलं. १९५६ मध्ये किटी वेल्सचा एलपी निघाला. कंट्री गायिकेच्या नावानं निघालेला तो पहिला मानतात. ओवेन ब्रॅडलीनं पुढे पॅट्सी क्लाइन आणि लोरेटा लिन यांना घडवलं. लोरेटा तेव्हा वॉशिंग्टन राज्यात पोरवयात संसार करणारी मुलगी होती. किटी वेल्सची गाणी म्हणत म्हणतच ती गाणं शिकली. नवऱ्याला चार शब्द सुनावणारी जी गाणी तिनं पुढे लिहिली, त्यांची वाट इथं मोकळी झाली होती. १९७६ मध्ये किटी वेल्स कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली. २०१२ मध्ये वारली.

चालीचा प्रवास थांबला नाही. १९७६ मध्ये इंग्लंडच्या स्टेटस को या रॉक वाद्यवृंदानं ‘वाइल्ड साइड’ वाजवलं. १९८१ मध्ये वेलन जेनिंग्ज आणि त्याची बायको जेसी कोल्टर यांनी आरोप आणि जबाब एकाच गाण्यात जोडले. डेव्हिड ॲलन को यानं १९७७ च्या ‘इफ दॅट एन्ट कंट्री’च्या शेवटी या जुन्या गाण्यांच्या ओळी एकापाठोपाठ एक गुंफल्या, आपलं कूळ सांगावं तशा. त्याच गाण्यात काळ्या माणसांसाठी एक घाणेरडा शब्दही आहे, आणि तो ऐकताना मला लेस्ली रिडल आठवतो. ज्या गाण्यांच्या कुळाचा अभिमान मिरवायचा, ती गोळा करणाऱ्या कार्टर कुटुंबाचे कान एक काळा माणूस होता. १९९३ मध्ये डॉली पार्टन, लोरेटा लिन आणि टॅमी वायनेट यांनी मिळून ‘हाँकी टाँक एंजल्स’ नावाचा अल्बम केला आणि त्याचं पहिलंच गाणं म्हणायला किटी वेल्सला बोलावलं. तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती.

या चार तबकड्या आज सहज मिळतात, आणि एकेक सुमारे तीन मिनिटांची, कारण ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावे. ऐकायच्या तर काळाच्या क्रमानं ऐका: सेरा, एकफ, थॉम्पसन, किटी वेल्स. मधे थांबू नका. थॉम्पसनपर्यंत येईतो चाल तुमच्या ओठांवर आलेली असेल. मग किटी वेल्स पहिली ओळ उचलते तेव्हा स्टील गिटार काय करते तिकडे लक्ष द्या, आणि जिथं ‘म’ची कॉर्ड येते, तिथं ती बाई श्वास कुठं घेते ते पाहा.